साठ प्रश्न आणि जमनाचं पाणी

ऑक्टोपसला तीन काळजं असतात, हे आमच्या घराला क्षमावाणीच्या, म्हणजे आम्हा जैनांच्या एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी, सकाळी साडेसातला कळलं. नेमीचंदनं घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. माझा हा लेक भांड्यांचं दुकान उघडायच्या आधी जगातली एक तरी अजब गोष्ट शोधतो, ग्रुपवर टाकतो, मगच चहाला हात लावतो. चार दिवसांमागं कुठल्याशा जनावराची लेंडी चौकोनी असते म्हणून फोटोसकट टाकलं होतं. ऐन दशलक्षण पर्वात, उपासतापासाच्या दिवसांत, चौकोनी लेंडी! मी बोलले तर म्हणतो (आईला तो बाईच म्हणतो), "बाई, हे ज्ञान हाय."

"तीन काळजं," मी म्हटलं. "आनि काही लोकाईले एक बी धड नाई."

कोणाला म्हटलं ते सगळ्यांना कळलं. ऑक्टोपसच्या खालीच मालेगावहून जमनाचा फोटो येऊन पडला होता. कमळ, जोडलेले दोन हात आणि 'उत्तम क्षमा'. तिच्या पाच मिनिटं आधी मीही तोच टाकला होता. असं हे तिसरं वर्ष. क्षमा फोटोनं मागायची, फोटोनं द्यायची. माझं काही गेलं नाही, तिला काही मिळालं नाही.

जमना माझी धाकटी जाऊ. मी या घरात आले त्याच्या पुढच्या वर्षी ती आली, आणि सव्वीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच चुलीवर काढली. मग माझ्या दिरानं इथून तास-सव्वा तासावरच्या मालेगावात दुकान टाकलं, ते लोक तिकडं गेले. पण सणवार इथंच, रिसोडला. माझ्या नातवाच्या, अर्पितच्या लग्नापर्यंत.

त्या लग्नात काय झालं ते मीच सांगते, दुसऱ्या कोणी सांगितलं तर मीठमसाला लावून सांगेल. नव्या विहिणीपुढं जमना पाण्याचा तांब्या घेऊन गेली. मांडवात पन्नास बाया. आणि मी म्हटलं, "तिच्या हातचं नका घेऊ बाई, तिचं गाळणं फाटकं असते."

आमच्यात बाईला काळी म्हणा, कंजूस म्हणा, चालतं. पाणी गाळत नाही म्हणू नये. दुपदरी जाड कापडातून पाणी गाळायचं, गाळण्यात राहिलेला जीव जपून पुन्हा विहिरीत सोडायचा, सूर्य मावळला की थेंब तोंडात घ्यायचा नाही. एवढ्यावर आमच्या बाईची किंमत होते. मी गमतीनं म्हटलं होतं. अर्धं गमतीनं. उरलेलं अर्धं असं, की ती विहीण सकाळपासून जमनाचंच कौतुक करत होती.

जमनानं तांब्या तिथंच ठेवला आणि न जेवता मालेगावची गाडी धरली.

तेव्हापासून माझं म्हणणं सरळ आहे. ती धाकटी, तिनं यावं. मी काय दाराला कुलूप लावलं? आणि खरं विचाराल, तर दर क्षमावाणीला माझ्याकडून एक ताट जास्त वाढलं जातं. कोणी बघितलं तर मी म्हणते, मोजण्यात चुकलं.

त्या दिवशीही चुकलं.

जेवणं झाली, मधल्या खोलीत सतरंजी पडली, आणि रिंकूनं मोबाइल काढला. ही माझी नात, अर्पितची धाकटी बहीण, अमरावतीला शिकते. तिथून येताना हिनं सामान काय आणलं, तर साठ प्रश्न.

"आजी, हे प्रश्न सोडवले की आपला स्वभाव कळतो. सगळ्या दुनियेतल्या मानसाईचे सोळा प्रकार हायेत."

"सोळाच? आपल्या गल्लीत सतरा निघतीन. सतरावी समोरच राह्यते."

पण बाकीचे बसले ना वेड्यासारखे मोबाइलवर बोटं टेकवत! नेमीचंद निघाला 'शोधक'. त्याला इतका आनंद झाला की त्यानं तो निकाल तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला. त्याची बायको, म्हणजे माझी सून बेबी (पन्नाशी आली तरी बेबीच), ती निघाली 'सांभाळणारी'. "मंग! घर काय आपोआप चालून राह्यलं?" असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही. अर्पित 'मनमौजी'. त्यासाठी साठ प्रश्न कशाला, मी एका वाक्यात सांगितलं असतं.

आणि अर्पितची बायको वैभवी, जिचा तीन वर्षांत कोणी आवाज ऐकला नाही, ती निघाली 'सेनापती'.

बेबी सुनेकडं बघतच राहिली. "तरीच म्हनलं, फ्रीजची जागा कोनं बदलली."

"मी नाई बदलली मम्मी. मी फक्त यायले सांगतलं, तिथं ऊन येते म्हनून."

"पाह्य! सेनापती सोता सामान उचलत नाई," नेमीचंद म्हणाला आणि सगळे हसले. वैभवी लाजली खरी, पण मी तिच्याकडं नीट पाहिलं. फ्रीज नव्या जागेवरच चांगला दिसतो, हे मी महिनाभर कोणाला बोलले नव्हते.

"आता आजी," रिंकू म्हणाली.

"मले कायले तपासता? मी काय दवाखान्यातलं रक्त हाव?"

"बरं, तुमी नका सोडवू. तुमच्या बदल्यात घरचे सोडवतीन. त्याच्यात अजून मजा असते."

नको म्हणायला पाहिजे होतं. पण माणसाला आपल्याबद्दल ऐकायचा मोह असतोच, आणि मला वाटलं, ऐकू द्या एकदाचं सगळ्यांना. चौघं चार कोपऱ्यांत बसले. बेबी पदराआड मोबाइल धरून सोडवत होती, परीक्षेतल्या पोरीसारखी. नेमीचंद एकेक प्रश्न वाचून माझ्याकडं प्रेमानं बघायचा.

चार जणांच्या चार हिराबाई, म्हणजे चार वेगळ्या मी, निघाल्या. नेमीचंदची आई शांत, मायाळू आणि सोशिक. हे वाचल्यावर बेबीला ठसका लागला.

"काहून? काय चुकलं त्याच्यात?" मी विचारलं.

"काही नाई मामीजी. लवंग अडकली." सासूला ती मामीजीच म्हणते.

बेबीची हिराबाई 'हुकूमदार'. "माझं बोट भलतीकडं लागलं असन," ती घाईनं म्हणाली. "कितव्या प्रश्नाले?" मी विचारलं, तर म्हणते, "बहुतेक सगळ्याच." अर्पितनं मला 'गंमतजंमतवाली' केलं होतं. वैभवीचा निकाल निघाला 'पहारेकरी'. मी विचारलं, "म्हंजे काय वो?" तर ती हळूच म्हणाली, "जे आपलं हाय ते कोनाले नेऊ देत नाई, अशा." चांगलं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

"चौघाईचं कशातच जुळत नाई," अर्पित म्हणाला. "आजी म्हंजे कोडंच हाय."

"जुळते," रिंकू म्हणाली. ती चारही उत्तरं खाली-वर करून बघत होती. "एका प्रश्नात चौघं बी सारखे हायेत." आणि मग ती एकदम थांबली.

"कोन्त्या?"

"जाऊ द्या आजी."

"वाच म्हनलं ना."

तिनं वाचलं. "'चूक झाली तर ही व्यक्ती ती मान्य करते.' चौघांनी बी 'कधीच नाही' दाबलं."

रिंकूनं मोबाइल पालथा ठेवला.

"बाई, या मोबाइलचं काही खरं नसते. बोट सरकते," नेमीचंद म्हणाला.

"चौघाईचं सरकलं?"

सुनेनं दाबलं, ते मी समजू शकते. सुनेचा तो हक्क आहे. पण जिला आत्ताच सोशिक म्हणत होता, तिच्याबद्दल पोटच्या पोरानं 'कधीच नाही' दाबावं? मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

आता पुढचं मला वैभवीनं नंतर सांगितलं. ती माझ्या मागं दारापर्यंत आली होती. मी पितळी हंड्यावर गाळणं बांधलं, कळशी उचलली आणि पाणी ओतायला लागले. सकाळीच गाळून ठेवलेलं पाणी. "आजी, तुमी गाळलेलंच पानी पुन्हा गाळून राह्यल्या होत्या," ती म्हणाली. मला काही आठवत नाही. गाळणं तेवढं आठवतं. पांढरं, दुपदरी, जमनानंच शिवलेलं, कोपऱ्यात तिचा टाका. त्या पोरीच्या मनात तेव्हा काय आलं, तेही तिनं सांगितलं. तिचं लग्न म्हणजे त्या तांब्याचं लग्न झालं होतं. कोणी लग्नाची आठवण काढली की आधी जेवण आठवायचं नाही, वरात आठवायची नाही, मालेगावची आजी उपाशी गेली ते आठवायचं. तीन वर्षं ती त्यात स्वतःलाच दोषी धरत होती.

ती परत मधल्या खोलीत गेली आणि रिंकूला म्हणाली, "मालेगावच्या आजीले पाठव ते प्रश्न. मोठ्या आजीच्या बदल्यात त्याईले सोडवू दे."

"येडी झाली का?" अर्पित म्हणाला. "तिकून काय येईन, मालूम हाय ना? आज सनाचा दिवस हाय."

"म्हनूनच," वैभवी म्हणाली.

नेमीचंद अर्पितच्या बाजूनं. त्याचं म्हणणं, जे झोपलंय त्याला झोपू द्यावं. रिंकू दोघांच्या तोंडाकडं बघत बसली. आणि तेवढ्यात बेबी, जिचं या सुनेशी मिठाच्या डब्यावरूनही एकमत होत नाही, ती पदर खोचून म्हणाली, "पाठव वो रिंकू. मामीजी दर सालाले एक ताट जास्त वाढतेत. मीच उचलून ठेवते ते. मले नाई दिसत का?"

रिंकूनं पाठवलं.

मालेगावात त्या वेळी जमना ओसरीवर साडीला फॉल लावत बसली होती. शेजारच्या बांगडीवाल्यांची सून यूसरा तिच्याजवळ बसून दुसरी साडी पूर्ण करत होती. जमनाला इंग्रजी येत नाही, म्हणून प्रश्न यूसरानं वाचले आणि उत्तरं जमनानं दिली. हे सगळं मला दोघींकडून समजलं, आणि दोघींनी सांगितलेलं जुळतं, त्या अर्थी खरं असावं.

"ही व्यक्ती गर्दीत रमते का, काकी?"

"रमते. पन गर्दी तिनं बलावलेली पाह्यजे."

"नियमाने चालते का?"

"चालते. नियम बी तिचाच असते."

"दुसऱ्याचं दुःख लवकर ओळखते?"

"ओयखते. ओयखलं की त्याच्यावर रागावते."

यूसरा म्हणे इतकी हसली की तिच्या हातातली सुई साडीत हरवली. छप्पन्न प्रश्न असे धडाधड गेले. सत्तावन्नावा तो होता. चूक मान्य करते का?

जमनानं फॉल मांडीवर ठेवला. यूसरा मोबाइलवर बोट धरून थांबली. "'कधीच नाही' दाबू का काकी?" तिला लग्नातली गोष्ट माहीत होती. सगळ्या मालेगावला माहीत असावी.

"नाई."

"मग 'नेहमी'?"

"छे!" जमना म्हणाली. "हे दाबून सांगता येत नाई वो. ते बोलायचं बटन हाय ना, ते दाब."

पावणेपाचला रिंकूचा मोबाइल वाजला. मी तोवर बाहेर येऊन बसले होते, तोंड फिरवून. रिंकूनं आधी स्वतः ऐकायला पाहिजे होतं, पण त्या पोरीला धीर नाही. लावलं मोठ्यानं. तीन वर्षांनी आमच्या घरात जमनाचा आवाज आला. मला ती जीजी म्हणते.

"रिंकू बेटा, लिहून घे. जीजी तोंडानं कबूल करत नाई, हे खरं हाय. माझ्या पह्यल्या बाळंतपनात मले म्हने, नखरे करते. रात्री मले ताप भरला. दुसऱ्या दिवसापासून सव्वा महिना माझ्या वाटचं पानी तिनं गाळलं. विहिरीवरून शेंदून, गाळून, हंडा माझ्या खाटीपाशी. तिची कंबर तवा बी दुखे. एक शबद नाई बोलली. मी बी नाई विचारलं. आमचं मिटलं. तं लिही, तिले कबूल करता येते. फक्त तिच्या हाताले काम लागते." मग थोडं थांबून, "आता रिसोडहून मालेगावपर्यंत हात पुरत नाई, त्याले ती तरी काय करीन."

संपलं. नेमीचंद चष्मा पुसायला लागला, आणि त्याचा चष्मा स्वच्छ होता.

मी विचारलं, "आज सूर्य कवा मावळते?"

नेमीचंदनं मोबाइल काढला. "सहा चोवीस, बाई." जन्मात पहिल्यांदा त्याचं ज्ञान कामी आलं.

"अर्पित, गाडी काढ."

बेबी आत पळाली आणि नवीकोरी साडी घेऊन आली, सोबत मिठाईचा डबा. "रिकाम्या हातानं कशा जासान मामीजी?"

"रिकाम्याच जाईन. भरलेल्या हातानं पानी घेता येत नाई."

तिला कळलं. तिनं साडी खाली ठेवली, आणि माझ्या चपला उंबऱ्याशी सरळ करून ठेवल्या. एवढ्या वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं. मी 'हुकूमदार', ती 'सांभाळणारी', काय बोलायचं त्यात.

गाडीत मी पुढं, वैभवी मागं. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, दोन्ही बाजूंनी नुसता तो रंग. मागून वैभवीनं बाटली पुढं केली. "आजी, जेवल्यापासून तुमी पानी नाई घेतलं."

"राहू दे."

तिनं पुन्हा विचारलं नाही. वाटेत शिरपूरला आमच्या जैन मंदिराकडं जाणाऱ्या गाड्यांची गर्दी लागली, सणाचा दिवस. अर्पित हॉर्न वाजवत बसला. सूर्य खिडकीतून माझ्या मांडीवर आला होता. मागून आवाज आला, "डाव्या हातानं घ्या, दुकानाच्या मागून रस्ता हाय." अर्पित म्हणाला, तिकून नाई जमत. "जमते," सेनापती म्हणाली. जमलं.

मालेगावात जमनाच्या दारात उतरले तेव्हा समोरच्या घराच्या गच्चीवर अजून ऊन होतं, बोटभर. ती ओसरीवरच होती. मला बघून उठली, तिच्या मांडीवरचा दोरा तिच्या पायाशी लोंबत राहिला. केस पार पांढरे झाले होते. फोटोत कमळ येतं, केस येत नाहीत.

"जीजी?"

"आली. बस नाई म्हनत?"

"बसा ना." तिनं जागा केली. मी बसले. यूसरा साडी गोळा करून उठायला लागली, मी तिला हातानं थांबवलं.

"काय करू? चहा ठेवू?" जमनानं विचारलं.

"पानी दे. तहान लागली."

ती हलली नाही. पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली, जशी पहिल्या वर्षी माझ्यापुढं उभी राहायची. "माझं गाळणं फाटकं हाय म्हनतेत," ती म्हणाली.

बोटभर ऊन अर्ध्या बोटाएवढं झालं होतं.

"जे म्हने तिले अक्कल नव्हती," मी म्हटलं. "आन लवकर."

जमनानं यूसराकडं पाहिलं. "आयकलं ना? तू साक्षीदार हाय. तोंडानं बोलली." आणि ती आत गेली. तिची चाल तीच. डावा पाय थोडा ओढते, विहिरीवर घसरली होती तेव्हापासून. भांड्यांचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा एका हातात पेला होता आणि दुसऱ्या हातात ओलं गाळणं. मुद्दाम आणलं होतं तिनं. ऊन होतं तिकडं धरून दाखवलं. पांढरं, दुपदरी, एकही भोक नाही, कोपऱ्यात तोच टाका.

मी पेला दोन्ही हातांनी घेतला. दुपारपासूनची नाही, तीन वर्षांची तहान असल्यासारखं पाणी प्याले, तळ दिसेपर्यंत. अर्पित आणि वैभवी गाडीपाशी उभे राहून बघत होते, बघू दे.

पेला पुढं केला. "आनखी दे."

जमनानं गच्चीकडं पाहिलं. तिथं आता नुसती भिंत होती.

"गेला सूर्य," ती म्हणाली. "आता सकाळीच."

"मंग सकाळपर्यंत मी तहानलेली राहू?"

"माझ्या घरी राहा. तहानलेल्या राहा नाईतं कशा बी राहा." आणि तिनं साडीच्या फॉलचं दुसरं टोक माझ्या मांडीवर टाकलं. "तुमाले हाताले काम लागते ना."

वैभवीनं तिथूनच ग्रुपवर टाकलं, 'मोठी आजी मालेगावी मुक्कामी'. त्याच्याखाली नेमीचंदनं जोडलेले हात टाकले, बेबीनंही टाकले, आणि या वेळी कोणी कमळ टाकलं नाही. ते दोघं गाडी घेऊन परत गेले. यूसरानं सुई ओवून दिली, माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. एका बाजूनं मी टाके घालत गेले, दुसऱ्या बाजूनं जमना, आणि सकाळचं पाणी कोणी गाळायचं यावर आम्ही दोघी भांडलो. फॉल संपला तरी भांडलो.